बटल्याच्या मुळाशी

पुण्या-मुंबईकडे ज्याला मटार म्हणतात, त्याला आपल्या माळव्यात बटला म्हणतात. थंडीत त्याची कचोरी आपण आवडीने खातो. पण बटल्याचे रोप पाहिलेले विद्यार्थी वर्गात मोजकेच निघतात. म्हणून हा पाठ अंगणातला. देवास गेटच्या गजबजलेल्या वस्तीत अंगण नसेल, तर गच्चीवर एक फूट खोल कुंडी ठेवली तरी पुरे.

पेरणी : ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. आपली काळी माती पाणी धरून ठेवते व त्यात बी कुजते. म्हणून तीत रेती आणि कुजलेले शेणखत मिसळावे. गेल्या वर्षी बटला घेतलेल्या शेतातली मूठभर माती मिळाल्यास उत्तम. ‘अर्केल’ ही लवकर येणारी, बुटकी जात घरासाठी सोयीची. बी बोटाचे एक पेर खोल, चार-चार बोटांच्या अंतरावर लावावे. बियाण्याला औषध लावलेले असल्यास हात साबणाने धुवावेत.

निगा : आठ-दहा दिवसांत अंकुर दिसतात. माती ओलसर राहील इतकेच पाणी द्यावे. वेल वर चढू लागला की वाळक्या काटक्या रोवाव्यात. कडाक्याच्या थंडीत दव गोठू लागले, तर रात्री गोणपाट झाकावे. साधारण दोन महिन्यांत पहिल्या शेंगा तोडता येतात.

प्रयोग : हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन आहे, पण झाडांना तो थेट घेता येत नाही. बटल्याच्या मुळांवरील गाठींत रायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. ते हा नायट्रोजन झाडाला देतात आणि झाड त्यांना साखर पुरवते. दोन कुंड्या घ्या. एकीत दर आठवड्याला चिमूटभर युरिया घाला, दुसरीत घालू नका. चाळीस दिवसांनी दोन्हींतले एकेक रोप मुळासकट अलगद काढून धुवा आणि गाठी मोजा. एक गाठ कापून पाहा. आतून गुलाबी असेल तर ती काम करते आहे. युरिया घातलेल्या रोपावर पाने भरपूर, पण गाठी कमी आढळतील. आयते मिळाले की मूळ कष्ट करत नाही.

हंगाम संपल्यावर रोपे उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळे मातीत कुजून पुढच्या भाजीला खत होतात.

आता पालकांसाठी दोन शब्द. मुलांना दिलेला प्रकल्प आई-वडील रात्री जागून पूर्ण करतात, हे आम्ही दर वर्षी पाहतो. प्रेमापोटीच होते, पण हासुद्धा युरियाच. वही सुबक दिसते, मूळ मात्र रिकामे राहते. बटल्याची वही मुलांनीच लिहावी. अक्षर वाकडे आले तरी चालेल. रोप वाळले आणि ते का वाळले हे मुलाने स्वतः शोधून लिहिले, तर त्या वहीला आम्ही पूर्ण गुण देऊ.