दिव्यावरील दोन आकडे

टेबलावरील दिवा उलटा करून पाहिला, किंवा छताला टांगलेल्या दिव्याच्या छत्रीत डोकावून पाहिले, म्हणजे होल्डराजवळ एक लहानशी चिठ्ठी चिकटविलेली बहुधा आढळते. तीवर 'कमाल ६० वॅट' किंवा 'कमाल ४० वॅट' असे छापलेले असते. खुद्द होल्डरावर मात्र '२ अँपिअर, २५० व्होल्ट' अशी निराळीच अक्षरे उमटविलेली पुष्कळदा दिसतात. ज्या विद्यार्थ्याने विजेचा पहिला पाठ जरी लक्षपूर्वक वाचला असेल, त्याच्या मनात येथे शंका उद्भवावी हे स्वाभाविक होय. आपल्या घरांतील विजेचा दाब २३० व्होल्ट. त्यास २ अँपिअरने गुणिले असता ४६० वॅट होतात. होल्डर जर एवढा भार सोसण्यास समर्थ आहे, तर छत्री करणाराने ६० वॅटांवरच का थांबावे?

शंका रास्त आहे. हे दोन आकडे एकाच गोष्टीची दोन मापे नव्हेत, दोन निरनिराळ्या धोक्यांच्या त्या दोन सीमा आहेत, हे ध्यानात आले म्हणजे तिचे निरसन होते.

प्रथम वॅटांचा आकडा घेऊ. तंतूच्या दिव्यात टंगस्टनची अतिसूक्ष्म तार सुमारे २४०० ते २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली जाते, तेव्हा कोठे ती आपणांस प्रकाश देते. खर्च होणाऱ्या विजेचा फार थोडा अंश, ढोबळ मानाने शंभरांतील पाच भाग किंवा त्याहून किंचित अधिक, दृश्य प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. बाकीची सर्व उष्णता. म्हणजे ६० वॅटांचा दिवा ही वस्तुतः एक लहान शेगडीच आहे, आणि तिच्यातून प्रकाश निघतो हा आपला लाभ! उघड्यावर टांगलेल्या दिव्याची उष्णता हवेबरोबर निघून जाते. तोच दिवा अरुंद छत्रीत किंवा बंद हंडीत ठेविला असता ती आत कोंडते. त्यातून दिवा तोंड खाली करून टांगलेला असेल, तर तापलेला वायू वर चढून नेमका होल्डरास व त्यातील तारांस भाजीत राहतो. तारांवर जे पी.व्ही.सी.चे आवरण असते, ते सामान्यतः ७० अंशांपर्यंतच्या उष्णतेसाठी केलेले असते. त्याहून अधिक उष्णता दीर्घकाळ लागत राहिली म्हणजे ते कडक होते, तडकते, आणि एके दिवशी आतील तांबे उघडे पडते.

येथे पुष्कळांची एक समजूत असते, की काही अनिष्ट घडू लागताच फ्यूज वितळेल आणि घर वाचेल. ४० वॅटांच्या छत्रीत कोणी १०० वॅटांचा दिवा बसविला, तर प्रवाह किती वाहील? १०० भागिले २३०, म्हणजे ०·४३ अँपिअर. पाच अँपिअरच्या फ्यूजला, किंवा हल्लीच्या सहा अँपिअरच्या स्वयंचलित खटक्याला, याची दादही लागणार नाही. तो रखवालदार प्रवाह मोजतो. छत्रीत कोंडलेली उष्णता त्यास दिसत नाही. दिवाळीत कागदी आकाशकंदिलात मोठा तंतूचा दिवा लावणारांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. अशा दिव्याची काच १०० अंशांच्या सहज वर जाते. वाऱ्याने कंदील कलून कागद तिला टेकला, की तो प्रथम पिवळा पडतो, मग करपतो, आणि पुढचे सांगावयास नको.

आता अँपिअरचा आकडा. जेम्स प्रेस्कॉट जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ साली असे दाखवून दिले, की तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट तर उष्णता चौपट. होल्डरातील स्प्रिंगच्या दोन खिळ्या दिव्याच्या बुडाला जेथे टेकतात, तेथे थोडासा रोध असतोच. तो अर्धा ओहम आहे असे समजू. ६० वॅटांच्या दिव्यास ०·२६ अँपिअर लागतो. तेव्हा त्या जागी जेमतेम ०·०३ वॅट उष्णता उत्पन्न होईल. परंतु भिंतीवर प्लगाची सोय नाही म्हणून दिव्याच्या होल्डरालाच जोडणी लावून १००० वॅटांची इस्त्री चालविणारी मंडळी आम्ही अनेक घरी पाहिली आहेत. तिला ४·३५ अँपिअर लागतात, आणि त्याच जागी साडेनऊ वॅटांच्या जवळपास उष्णता होते. म्हणजे सुमारे २७८ पट! तापलेल्या स्प्रिंगचा ताण जातो, सांधा सैल होतो, सैल सांध्याचा रोध वाढतो, आणि रोध वाढला की उष्णता आणखी वाढते. हे दुष्टचक्र एकदा सुरू झाले म्हणजे प्रथम करपल्याचा वास येतो. तो येताच मुख्य खटका बंद करून वडीलधाऱ्यांस सांगावे. होल्डर स्वतः उघडू नये. हा भारही पाच अँपिअरच्या आतलाच असल्यामुळे फ्यूज येथेही स्वस्थ बसून राहतो.

एल.ई.डी. दिवे घरोघर आल्यापासून हा प्रश्न बराच सौम्य झाला आहे. ६० वॅटांच्या जुन्या दिव्याइतका प्रकाश ९ वॅटांत मिळतो, आणि छत्रीवरील मर्यादा प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या वॅटांची असते, प्रकाशाची नव्हे. तेव्हा '१०० वॅटांइतका उजेड' असे खोक्यावर लिहिलेला १४ वॅटांचा एल.ई.डी. दिवा ६० वॅटांच्या छत्रीत होल्डरास अपाय न करता लावता येतो. मात्र आता उष्णतेची बाधा खुद्द दिव्यासच होते. त्याच्या बुडाशी जी लहानशी विद्युत्-यंत्रणा असते, तीतील धारित्र उष्णतेस फार भिते. अशा धारित्राचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे सुमारे निम्मे होते, असा तज्ज्ञांचा अडाखा आहे. 'पुष्कळ वर्षे टिकेल' म्हणून आणलेला दिवा बंद काचेच्या हंडीत लवकर विझला, तर दुकानदाराशी भांडण्यापूर्वी तो बंद हंडीत वापरण्याजोगा आहे की नाही, हे खोक्यावर वाचून पाहावे.