ओसाड कुलधरा

राजस्थानांतील जैसलमेर शहराच्या नैर्ऋत्येस सुमारें १८ किलोमीटरवर कुलधरा नांवाचें गांव आहे. भिंती उभ्या आहेत, रस्ते आहेत, देवालय आहे. राहणारें माणूस मात्र एकही नाहीं. वर्गांत या गांवाचें नांव निघतांच मुलें एका सुरांत सांगतात, "दिवाण सालिमसिंगाची एका मुलीवर वाईट नजर पडली, म्हणून सारें गांव शाप देऊन एका रात्रींत निघून गेलें!" कथा रंजक खरी, परंतु भूगोलाच्या तासास पहिला प्रश्न निराळा आहे. जेथें वर्षाकाठीं जेमतेम आठ इंच पाऊस पडतो, तेथें हीं माणसें शतकानुशतकें जगलीं कशीं?

पालीहून आलेल्या पालीवाल ब्राह्मणांनीं हें गांव तेराव्या शतकाच्या सुमारास वसविलें, असें मानतात. दक्षिणोत्तर लांबी ८६१ मीटर, रुंदी २६१ मीटर; तीन लांब रस्ते व त्यांस छेदणाऱ्या अरुंद गल्ल्या. सुमारें ४१० घरांचे अवशेष येथें दिसतात. पूर्वेस काकणी नदी आहे, पण तिचें पात्र कोरडें.

गांवाचें खरें पोट भरी तें ‘खडीन’ नांवाचें शेत. खडकाळ उंचवट्यावर पडलेलें पाणी मुरत नाहीं, तें उतारानें सखल भागाकडे धांवतें. त्या सखल भागास तीन बाजूंनीं बांध घालीत. पाणी तेथें अडून साचे, सोबत आलेला गाळ खालीं बसे, आणि हिंवाळ्याच्या तोंडीं पाणी आटलें म्हणजे त्या ओल्या भूमींत गहूं व हरभरा पेरीत. आपल्याकडे पाऊस पडतांच पेरणीची घाई होते. तेथें पाणी ओसरण्याची वाट पाहावी लागे. मग पुढें एक थेंब न पडला तरी ओलीवर पीक हातीं येई.

आतां शापाची गोष्ट. सालिमसिंग हा काल्पनिक पुरुष नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं तो जैसलमेरचा दिवाण होता, आणि त्याच्या जुलमाविषयीं जेम्स टॉड यानें लिहून ठेविलें आहे. तथापि गांव एका रात्रींत ओस पडलें नाहीं. सन १८१५ च्या सुमारास येथें ८०० माणसें होतीं, सन १८९० मध्यें अवघीं ३७. मधल्या काळांत विहिरी एकामागून एक आटल्या. सन २०१७ मध्यें कांहीं संशोधकांनीं पडक्या घरांवरून भूकंपाचाही तर्क मांडला आहे.

मला स्वतःला एकच कारण पुरेसें वाटत नाहीं. अवर्षणाच्या सालीं कोठारांतील धान्य हाच आधार. तेंच करापायीं गेलें, तर पुढचें अवर्षण कसें सोसावें? शिवाय बांध राखण्यास पुष्कळ हात लागतात. दहा घरें उठून गेलीं, कीं त्यांच्या वांट्याचें काम उरलेल्यांवर पडे. आणि एकदां बांध फुटला, म्हणजे वर्षाचें पाणी घटकेंत वाहून जाई.

कुलधऱ्यांत आज कोणी चूल पेटवीत नाहीं. जैसलमेर जिल्ह्यांत मात्र चांगल्या पावसाच्या वर्षीं कित्येक खडिनांतून आजही हरभरा पेरतात.