मोटार थांबते, चालक थांबत नाही

सांगली-साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा संपला, की उतारावरच्या नागमोडी वळणावर आजवर अनेक अपघात झाले आहेत. समजा, ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जाणारी मोटार तेथे कठड्यावर आदळली. हा वेग २० मीटर, जवळजवळ सहा मजले, उंचीवरून पडणाऱ्या वस्तूइतका आहे!

मोटार थांबते, जडत्वामुळे चालक पुढेच जातो. पट्टा धड अडवतो, पण डोके झटक्याने पुढे जाते. अशा वेळी मानेचे मणके मोडू शकतात, आणि मज्जारज्जू त्यांच्यातूनच जातो. म्हणून गाडी पेटली नसेल आणि श्वास चालू असेल, तर चालकाला ओढून काढू नये. (जमलेले लोक नेमके तेच करतात.) मागून येणारी वाहने थांबवावीत, इंजिन बंद करावे, १०८ क्रमांकावर कळवावे. एकाने मागच्या आसनावरून त्याचे डोके दोन्ही हातांनी स्थिर धरावे. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापड घट्ट दाबून ठेवावे. सारखे उचलून पाहिल्यास धरू लागलेली गुठळी सुटते. पाणी पाजू नये, शुद्ध हरपल्यास ते श्वासनलिकेत जाते.

आणि पोलिसांचा ससेमिरा? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ कलमाने सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी कारवाईपासून संरक्षण दिले आहे.