निविदा

शाळेचे छत गळते. दोन नव्या खोल्या बांधायच्या आहेत. हे काम कोणाला द्यावे? शाळा सर्वांची, तिच्यावर खर्च होणारा पैसाही सर्वांचा. म्हणून केवळ ओळखीच्या माणसाला काम देत नाहीत. अनेकांकडून दर मागवतात. 'हे काम मी या अटींवर, एवढ्या दराने करीन,' असे लेखी कळवणे म्हणजे निविदा. बोलताना आपण तिला 'टेंडर' म्हणतो.

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आहेत. तेथे जिल्हा परिषदेच्या शाळांच्या खोल्या अशाच बांधल्या जातात. प्रथम अभियंता सरकारी दरसूची पाहून अंदाजपत्रक तयार करतो. मग निविदा सूचना प्रसिद्ध होते.

समजा, आर्वीच्या एका तरुण ठेकेदाराने ही सूचना वाचली. अंदाजपत्रक होते २०,००,००० रुपयांचे.

तो म्हणाला, "अब्बा, मी पंचवीस टक्के कमी दर भरतो. काम आपल्यालाच मिळेल!"

अब्बा जुने गवंडी. ते म्हणाले, "बेटा, आधी हिशेब कर."

दोघे कागद घेऊन बसले. साहित्य १२,००,०००, मजुरी ५,००,००० आणि वाहतूक व इतर खर्च १,००,०००. एकूण १८,००,००० रुपये.

"पंचवीस टक्के कमी म्हणजे १५,००,०००. उरलेले तीन लाख कोठून आणशील? सिमेंट कमी घालशील, की मजुरांची मजुरी कापशील? त्या छताखाली मुले बसणार आहेत."

मुलगा गप्प झाला. त्याने पाच टक्के कमी, म्हणजे १९,००,००० रुपये दर ठरवला.

पूर्वी निविदा लाखेने बंद केलेल्या पाकिटातून पेटीत टाकत. आता अशा निविदा शासनाच्या 'महाटेंडर्स' या संकेतस्थळावर भरतात. तरी 'दोन पाकिटे' हा शब्द टिकून आहे. पहिल्या पाकिटात नोंदणी व अनुभवाची कागदपत्रे असतात, दुसऱ्यात दर असतो. पहिले पाकीट योग्य ठरले तरच दुसरे उघडतात. निविदेबरोबर बयाणा रक्कम भरावी लागते. वेळ संपल्यावर निविदा स्वीकारली जात नाही.

मुलाने प्रत्येक अट वाचली आणि एक दिवस आधीच निविदा भरली.

"अब्बा, काम दुसऱ्याला मिळाले तर?"

"तर बयाणा परत मिळेल. पुन्हा सूचना निघेल, पुन्हा भरू. पण आपण बांधलेले छत गळले, तर लोकांना तोंड कसे दाखवायचे?"

नवीन शब्द
अंदाजपत्रक – होणाऱ्या खर्चाचा आधी केलेला हिशेब
दरसूची – दरांची यादी
बयाणा – निविदेबरोबर ठेवलेली अनामत रक्कम

स्वाध्याय
१. निविदा म्हणजे काय?
२. दुसरे पाकीट केव्हा उघडतात?
३. अब्बांनी मुलाला हिशेब का करायला लावला?
४. 'तोंड दाखवणे' हा वाक्प्रचार वापरून वाक्य लिहा.