संधिवात असलेल्या रुग्णांची हृदयशस्त्रक्रिया : दुसरी फाइलही सोबत न्यावी

बेंगळुरूच्या दक्षिणेस होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत. डॉ. देवी शेट्टी यांनी २००० साली स्थापन केलेल्या नारायणा हृदयालयामुळे हे नाव हृदयरुग्णांच्या परिचयाचे झाले. अशा दूरच्या केंद्रात शस्त्रक्रियेला निघताना आपण अँजिओग्राफी, इको यांचे अहवाल जपून घेतो. सांध्यांच्या उपचारांची फाइल मात्र बहुधा घरीच राहते. ऱ्हुमॅटॉइड संधिवात असेल, तर ती फाइलही तितकीच महत्त्वाची आहे.

या संधिवातातील दाह सांध्यांपुरता राहत नाही, रक्तवाहिन्यांनाही इजा करतो. त्यामुळे हृदयविकाराची शक्यता इतरांच्या सुमारे दीडपट असते. त्यातच गुडघे दुखत असल्याने चालणे कमी; म्हणून चालताना छातीत दुखण्याची खूण अनेकांना मिळतच नाही. लहानपणी घशाच्या संसर्गानंतर येणारा, हृदयाच्या झडपा बिघडवणारा ऱ्हुमॅटिक ताप हा आजार वेगळा. नावे सारखी वाटतात, म्हणून आपल्याला नेमका कोणता आजार आहे हे कागदावर लिहून घ्यावे.

केवळ संधिवात आहे म्हणून बायपास किंवा झडपेची शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. पूर्वतयारी मात्र वेगळी लागते, आणि ती मानेपासून सुरू होते. दीर्घकाळच्या संधिवातात मानेचे वरचे दोन मणके सैल होऊ शकतात. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी मान मागे वाकवली जाते. मणके सैल असल्यास मज्जारज्जूवर दाब येण्याचा धोका असतो. मान किंवा डोक्याची मागील बाजू दुखत असेल, हातांना मुंग्या येत असतील, तोंड पुरेसे उघडत नसेल, तर कोणी विचारण्याची वाट न पाहता भूलतज्ज्ञांना सांगावे. मान वाकवून काढलेल्या एक्स-रेवरून त्यांना नळी घालण्याची सुरक्षित पद्धत ठरवता येते.

औषधांबाबत स्वतः निर्णय घेऊ नये. बराच काळ घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद केल्यास शस्त्रक्रियेचा ताण शरीराला झेपत नाही आणि रक्तदाब कोसळू शकतो. मेथोट्रेक्झेट बहुधा चालू ठेवले जाते. जैविक औषधांच्या इंजेक्शनांचा पुढचा डोस जखम भरेपर्यंत लांबवला जातो. हा निर्णय संधिवाततज्ज्ञ व हृदयशल्यचिकित्सक यांनी मिळून घ्यावयाचा आहे. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या बायपासच्या सुमारास टाळाव्यात. हृदयासाठी दिलेली अॅस्पिरिन मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नये. सांधेदुखीवर गावाकडून आणलेली, नाव नसलेली पुडी घेत असाल तर तेही सांगावे. संकोच करू नये. अशा पुडीत स्टेरॉइड मिसळलेले आढळते.

शस्त्रक्रियेनंतर छातीचे हाड जुळण्यास साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात हातांवर भार देऊन उठायचे नसते. पण गुडघे अधू असलेला रुग्ण हातांच्याच आधाराने उठतो! म्हणून उंच खुर्ची, उंच कमोड आणि उठवायला एक माणूस यांची सोय घरून निघण्यापूर्वीच करावी. काठी किंवा वॉकर लागत असल्यास फिजिओथेरपिस्टना आधी कळवावे.

स्टेरॉइड घेणाऱ्यास जखमेत संसर्ग होऊनही ताप येईलच असे नाही. जखम लाल झाली, त्यातून पाणी किंवा पू आला, अथवा खोकताना छातीचे हाड हलल्यासारखे किंवा कटकटल्यासारखे वाटले, तर ताप नसला तरी त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा.