छोटा कॅमेरा घेऊन भिगवणला जाताना

खिशात मावणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यानेही उडता पक्षी छान टिपता येतो, फक्त आपल्या कॅमेऱ्याची गती ओळखून असायला हवं. बटण दाबल्यापासून फोकस होऊन फोटो पडेपर्यंत जुन्या मॉडेलना अर्धा सेकंदही लागतो. तेवढ्यात कुरव चार-पाच मीटर पुढे गेलेला असतो आणि फोटोत नुसतं उजनीचं पाणी येतं. म्हणून बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवा. पक्षी चौकटीत शिरताच पूर्ण दाबा.

सरावाला कवड्या खंड्यासारखा पक्षी नाही. मासा हेरताना तो पाण्यावर एकाच जागी फडफडत राहतो. पंखांची नुसती भिरभिर दिसते, पण चोच खाली रोखलेलं डोकं जराही हलत नाही. तेवढ्यात फोटो घेऊन टाका. त्याने सूर मारला की मागे लागण्यात अर्थ नाही.

सलग फोटो घेताना बऱ्याच छोट्या कॅमेऱ्यांचा फोकस पहिल्या फोटोलाच ठरून जातो. अंगावर येणारा पक्षी त्यामुळे पुढच्या फोटोंत धूसर होतो. आडवा जाणारा मात्र साधारण तेवढ्याच अंतरावर राहतो. इथे वारा उपयोगी पडतो. रोहित पक्षी वाऱ्याकडे तोंड करून, पाण्यावर धावत धावत हवेत उठतात. वारा आपल्या डाव्या किंवा उजव्या अंगाने येईल अशी होडी उभी करायला सांगा, म्हणजे थवा समोरून आडवा जाईल आणि एरवी मिटलेल्या पंखांतला लाल-काळा रंग पुरता दिसेल.

पण त्यांना उठवायला होडी थव्यात घालू नका. मान खाली घालून, चोच उलटी करून चाललेलं त्यांचं खाणं प्रत्येक वेळी मोडतं. ते आपणहून उडेपर्यंत थांबायचं. कुरवांना शेव-फरसाण टाकून होडीभोवती जमवणंही मला अजिबात पटत नाही.

डिजिटल झूम बंदच ठेवा. ऑप्टिकल झूमही पूर्ण ताणू नका. उजेड कमी मिळतो, हात हललेला जास्त दिसतो. शटरचा वेग ठरवता येत असेल तर १/१०००, नसेल तर स्पोर्ट्स मोड. आयएसओ ४०० पुरतो. आणि पांढरे पक्षी उन्हात करपतात, तेव्हा एक्स्पोजर थोडं उणे करून घ्या.