कूलंट हिरवा की गुलाबी?

व्हायवात "कूलंट कशासाठी?" असं विचारलं, की ठरलेलं उत्तर येतं : "पाणी गोठू नये म्हणून, सर." उत्तर चूक नाही. पण मे महिन्यात खंबाटकी घाट चढणाऱ्या गाडीला त्याचा काय उपयोग? मग नळाचं पाणीच का भरू नये?

मित्रांनो, उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे. त्याची विशिष्ट उष्णता ४.१८ किलोज्यूल प्रति किलो प्रति केल्व्हिन. निम्मं इथिलीन ग्लायकॉल घातलं की ती सुमारे ३.५ वर येते. उकळण्याचं म्हणाल, तर ग्लायकॉलमुळे उत्कलनबिंदू जेमतेम सात-आठ अंशांनी वाढतो. रेडिएटर कॅपचा १ बार दाब मात्र साध्या पाण्यालाही १२० अंशांपर्यंत नेतो! म्हणजे कॅपचं रबर गेलेलं असेल, तर भारीतला कूलंट टाकूनही गाडी उकळणारच. आधी कॅप बघा.

खरी गोम गंजात आहे. हेड अॅल्युमिनियमचं, ब्लॉक बऱ्याचदा ओतीव लोखंडाचा, आणि दोन्हींत फिरणारं पाणी एकच. फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीतला गॅल्व्हानिक सेल तो हाच. त्यात बोअरचं पाणी भरलं, की क्षार आत थर धरतात आणि क्लोराइड अॅल्युमिनियमला खड्डे पाडतं. म्हणून आपण पैसे मोजतो ते मुख्यतः कूलंटमधल्या गंजरोधकांसाठी.

जुन्या पद्धतीत सिलिकेट, फॉस्फेट वगैरे क्षार असतात. ते सगळ्या धातूवर पटकन थर देतात, पण साधारण दोन वर्षांत संपतात. नव्या 'ओएटी' प्रकारात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. गंज जिथे सुरू होतो तिथेच ते काम करतात, म्हणून पाचेक वर्षं टिकतात. दोन्हींचं मिश्रणही मिळतं. यात गंमत अशी, की युरोपातले कारखानदार कठीण पाण्यात साका बसतो म्हणून फॉस्फेट टाळत आले, तर जपानी लोक पंपाच्या सीलसाठी सिलिकेट टाळून फॉस्फेटच वापरत आले. दोघांचंही आपापल्या जागी बरोबर!

रंगाचं काय? काही नाही. रंग हा नुसता डाय, त्याला सर्वमान्य नियम नाही. दोन गुलाबी कूलंट आतून अगदी वेगळे असू शकतात. भलत्या जाती मिसळल्या तर गंजरोधक निकामी होतात, कधी जेलीसारखा गाळही होतो. तेव्हा मॅन्युअलमधलं स्पेसिफिकेशन डब्यावर शोधायचं. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर घालायचं. 'रेडी टू यूज' असेल तर थेंबही नको.

वेट लायनरच्या मोठ्या डिझेल इंजिनात लायनर थरथरतो, बुडबुडे फुटून त्याला भोकं पडतात. तिथे नायट्राइटसारखी जादा अॅडिटिव्ह लागतात. कारला ती लागत नाहीत. गळती थांबवणारी बाटली तर शक्यतो टाळाच, कारण ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवू शकते. होज बदलणं बरं.

आणि हो, इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड, पण विषारी. किडन्या निकामी करतं. वर्कशॉपमागे सांडलं तर लगेच पुसून, धुऊन घ्या. होस्टेलची कुत्री ते चाटतात.